रिठ्यात उकळलेला पाचू

पोस्टकार्ड सोमवारी आलं. बुधवारी आलं असतं तर दाऊदचाचांना जास्त आवडलं असतं, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. आणि दुसरा विचार असा की, सुटलो. तो लिहायला मला लाज वाटत नाही. चाचा सुटले, कारण दोन वर्षं दमा त्यांना पाठ टेकू देत नव्हता, भिंतीला उशा लावून ते बसल्या बसल्याच झोपत. आणि मी सुटलो, कारण ते गेले तेव्हा आमच्या दोघांत सांगायचं काही उरलं नव्हतं. त्यांच्या घरातली एकुलती एक मोलाची चीज, त्यांच्या मरहूम बीवीच्या अंगठीतला पाचू, मी आठ वर्षांपूर्वी माझ्या हाताने बिघडवला होता आणि वर त्यांच्याशी खोटं बोललो होतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी श्रीवर्धनला गेलो आणि ते सगळं एकदाचं बोलून टाकलं. ते राहून गेलं असतं तर हे पोस्टकार्ड मला हातात धरवलं नसतं. माणूस गेल्यावर रडावं अशी रीत आहे. मी रडलोही, पण ते नंतर. आधी खुर्चीत बसलो आणि एक लांब श्वास घेतला...

चाचा आमच्या आळीतले, आमच्या घरासमोर वाट ओलांडली की त्यांचा ओटा. मुंबईत एका जवाहिऱ्याच्या पेढीवर त्यांनी वीस वर्षं हिऱ्यामाणकांच्या पुड्या बांधल्या आणि सोडल्या, आणि डोळे अधू झाले तेव्हा गावी परत आले. बरोबर आणलं काय, तर एक भिंग, एक खोकला आणि पाचूची ती अंगठी. बीवी आधीच गेलेली, मुलगी बाळंतपणात गेली, जावई जहाजावर. घरात ते आणि त्यांची नात झुलेखा, एवढी दोनच माणसं. माझे वडील दुसऱ्यांच्या वाड्यांत पोफळींवर चढत. एका पोफळीच्या शेंड्यावरून खाली न उतरता झोका देऊन दुसरी धरायची, दिवसभर, सुपारी पाडत पाडत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कागदावर सही केलेली नव्हती, अंगठेच होते. आज माझ्या नावापुढे बी. एस्सी. लागतं आणि मुंबईच्या एका शाळेत मी शास्त्र शिकवतो. हे मी मिरवतो, कारण मिरवण्यासारखं आहे. पण नऊ-दहा वर्षांचा असताना मला माझं नावसुद्धा धड सांगता येत नसे. मी बोलताना अडायचो. 'ग'वर अडायचो, 'प'वर अडायचो, आणि 'सु'वर तर असा अडायचो की समोरचा माणूस कंटाळून निघून जायचा. श्रीवर्धनसारख्या सुपारीच्या गावात जन्मून मला 'सुपारी' म्हणता येत नव्हतं, आता बोला.

मास्तरांनी दोनदा घरी पाठवल्यावर वडील मला घेऊन गुरुजींकडे गेले. गुरुजी म्हणजे पंचांग बघणारे, आमच्याच वाटेवर राहणारे. त्यांनी बोटं मोजली आणि सांगितलं, मुलाचा बुध निर्बळ आहे, वाणीचा कारक बुध, बुधाचं रत्न पाचू, तेव्हा सोन्यात बसवून उजव्या करंगळीत बुधवारी धारण करावं.  वडील हात जोडून म्हणाले, "गुरुजी, पाचू आमी कुठनं आणावा? कोवळी हिरवी सुपारी दोऱ्यात ववून बांधली तर नाय का चालनार?" गुरुजी भला माणूस. हसले नाहीत. "हिरवे मूग दान कर," म्हणाले, "तेही चालतं." हे सगळं समोरच्या ओट्यावरून चाचा ऐकत होते. आम्ही परत निघालो तसे त्यांनी तिथूनच हाक दिली, "अरे म्हादू, मूग तुझ्या घरात शिजव, पोराला चार घास मिळतील. पाचू माझ्याकडं हाय की. बुधवारी सकाळी पाठव त्याला. संध्याकाळी परत घालायची माझ्या हातात. बस."

वडील गोंधळले. दुसऱ्याच्या बीवीची अंगठी, आणि तीही मेहेरची, निकाहात दिलेली... पण चाचांनी हात हलवून विषय संपवला. "दगडाला जात न्हाय रे. दुकानात गुजराती शेठ त्याला पन्ना म्हणायचा, माझी बीवी जमुर्रुद म्हणायची, तुमच्या गुरुजीच्या पोथीत मरकत, अन साहेब आला की एमरल्ड. ते बिचारं सगळ्या नावांना ओ देतं."

त्यानंतर तीन वर्षं, पावसाळा-उन्हाळा, दर बुधवारी शाळेआधी मी त्या ओट्यावर असायचो. अंगठी माझ्या बोटात ढिली व्हायची म्हणून चाचा ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालत. पण घालण्याआधी एक काम असे. ते भिंग माझ्या हातात देत आणि म्हणत, "माझे डोळे गेले. तू बघ अन मला सांग, आत काय दिसतं." पाचू हरभऱ्याएवढा, चौकोनी, केळीच्या कोवळ्या पानाला मागून ऊन लागावं तसा हिरवा. भिंगातून पाहिलं की आत धागे दिसत, ढग दिसत, शेवाळ्यासारखं काहीतरी पसरलेलं दिसे. चाचा त्याला 'वाडी' म्हणत. "खऱ्या पाचूत वाडी असते. ज्यात वाडी न्हाय, एकदम साफ, त्याला हात लावायचा न्हाय. ती बाटलीची काच." मग मी त्यांना त्या वाडीतलं सांगायचो. ही वि... विहीर. ही पा... पायवाट. बाकी सगळं जग माझा शब्द मधेच ओढून पुरा करायचं, आईसुद्धा, मायेनेच. चाचांनी माझा एकही शब्द कधी पुरा केला नाही. नुसते थांबायचे. शाळेची घंटा झाली तरी थांबायचे. "घाई नको. आधी नीट बघ. नीट दिसलं की शब्द आपल्या पायानं येतो." झुलेखा तेव्हा सहा वर्षांची असेल. ती खांबाला धरून उभी राहायची आणि म्हणायची, "नाना, गणूभाई दर बुधवारी त्या दगडाशी बोलतो. दगड पण अडकत बोलायला लागला म्हंजे?" चाचा तिला म्हणत, "मग त्याला तुझ्या गळ्यात बांधू. तू त्याला वटवट शिकव."

माझी जीभ सुटली ती कधी, हे मला नेमकं सांगता येणार नाही. चौथी पास होईतो 'ग' सुटला, इंग्रजी शाळेत गेलो तोवर 'प'. शास्त्र शिकलेला माणूस म्हणून मी असं म्हणणार नाही की ते पाचूने केलं. पण पाचूशिवाय झालं असतं असंही मला म्हणवत नाही... एवढ्यावर थांबतो.

त्या ओट्यावर मी पाचूबद्दल जे ऐकलं ते मला पुढे कॉलेजातल्या पुस्तकांत अर्धंच सापडलं. चाचा सांगायचे की हा दगड आपल्या मुलुखातला नाही, दर्यापारच्या खाणींतून गलबतांत बसून आला, आणि बादशहांनी त्याच्यावर कुराणातल्या आयती कोरून घेतल्या. तो हाताला नेहमी गार लागतो. ओठाला लावून पाहायचा. काच लगेच गरम होते, पाचू होत नाही. दिव्याच्या उजेडात माणूस पिवळा दिसतो, पण पाचू हिरवाच राहतो. तो कडक आहे पण चिवट नाही. "खसखसून घासलास तरी ओरखडा उठणार न्हाय, अन हातातनं फरशीवर पडला तर दोन तुकडे. आपल्या खोतासारखा." पाचूकडे पाहिलं की नागाचे डोळे फुटतात, हेही त्यांनीच सांगितलं. त्याची परीक्षा घ्यायला मी एका बुधवारी वडलांबरोबर वाडीत गेलो आणि पाटाच्या कडेला एक लांबलचक जनावर दिसताच गळ्यातली अंगठी पुढे धरून उभा राहिलो. जनावराने माझ्याकडे पाहिलं, पाचूकडे पाहिलं आणि सावकाश केळीत निघून गेलं. मी तक्रार घेऊन आलो तर चाचा म्हणाले, "ती धामण होती. किताबात नाग लिहिलंय." आणि एक गोष्ट ते फार गंभीर चेहऱ्याने सांगत, की पाचू घालून खोटं बोललं तर त्याचा रंग उतरतो, तो फिका पडतो. मी तेव्हा घाबरून बुधवारी कमीच बोलायचो.

साहेबांचं शास्त्र आणखी निराळं. पेढीवर एक मडम आली होती, ती मे महिन्यात जन्मली म्हणून तिला पाचूच पाहिजे होता. त्यांच्यात महिन्यावर रत्न ठरतं. ते ऐकून मी आईला विचारलं, माझा जन्म कधीचा? आई म्हणाली, सुपारी सोलायचे दिवस होते. वडील म्हणाले, नाही, नंतर. शेवटी शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी आमच्या आळीतल्या सगळ्या पोरांची लावतात तीच तारीख लावली, एक जून. चाचा हळहळले. "एका दिवसानं चुकलं बघ. आदल्या दिवसाची लिहिली असती तर साहेबाच्या हिशेबानं पण तुला पाचूच लागला असता."

मॅट्रिक झालो, मुंबईला गेलो, शिष्यवृत्तीवर आणि एका खानावळवाल्याच्या भलेपणावर बी. एस्सी. झालो. निकाल लागला आणि मी आगबोटीने गावी आलो तेव्हा किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून वाळूवर पाय ठेवायच्या आधीच वडील गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी माझी ट्रंक डोक्यावर घेतली, मला घेऊ दिली नाही. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "आमचा गणू बीयेशी झाला." चाचांनी मला ओट्यावर बसवलं आणि नवा प्रश्न विचारला, "आता सांग, पाचू कशाचा बनलाय?" मी सांगितलं. काय काय मूलद्रव्यं, कुठल्या धातूच्या अंशाने हिरवा रंग येतो, किती कठीण, पाण्यापेक्षा किती जड. एकही शब्द अडला नाही. चाचा ऐकत राहिले. मग म्हणाले, "वाह. सगळं हाय. वाडी तेवढी राहिली."

त्या उन्हाळ्यातच झुलेखाचा निकाह ठरला होता, मुरुडच्या घरात. नवऱ्या मुलाचे एक चुलते मुंबईत जवाहिराच्या बाजारात ऊठबस असलेले. अंगठी नातीलाच द्यायची हे मुलगी गेली त्या दिवशी ठरलेलं, आणि चाचांची धडपड एवढीच की त्या चुलत्यांच्या नजरेला ती उणी दिसू नये. "पोरीची आई न्हाय, बाप दर्यावर. तिच्या बाजूनं बोलणारं काय हाय? हा एक दगडच." निकाहाला सात दिवस राहिले होते. अंगठीवर वर्षानुवर्षांचा चिकटा साचला होता. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि एक जुनी मलमल दिली. "माझ्या डोळ्यांना दिसत न्हाय. तू पुसून आण. मलमलीनं. बाकी काय करू नको."

बाकी काय करू नको... मी ते ऐकलं आणि मनात हसलो. म्हाताऱ्या माणसाची भीती. आमच्या आळीत लग्न निघालं की पहिलं काम काय होतं ते कोणीही सांगेल. घरातलं असेल नसेल ते सोनं टोपात घालतात, मूठभर रिठे टाकतात आणि चुलीवर खळखळून उकळतात. माझ्या आईच्या दोन बुगड्या मी दर वर्षी अशाच लखलखताना पाहिल्या होत्या. आणि माझी स्वतःची चार वर्षं काय शिकण्यात गेली होती? काचेची भांडी सोडा घालून उकळून निर्मळ करण्यात. पुस्तकात लिहिलं होतं की पाचू काचेहून कठीण, मग काचेला जे सोसतं ते त्याला सोसेल. आईचा रिठा आणि माझा सोडा दोन्ही एका टोपात घातले, अंगठी सोडली आणि पाऊण तास उकळली. आई म्हणाली, "दगडाची हाय रे ती, विचार तरी कोनाला." मी म्हणालो, "आई, मी बी. एस्सी. आहे."

सोनं असं निघालं की डोळे दिपावेत. आणि पाचू मेला होता. दुसरा शब्द मला अजून सुचत नाही. आतली विहीर नव्हती, पायवाट नव्हती, सगळीकडे पांढरे तडे, कोणी आत ताक ओतावं तसे, आणि एका कोपऱ्यातून आरपार गेलेली एक रेघ. मी तो गार पाण्यात घातला, पुसला, उन्हात धरला. जितका वाळला तितका पांढरा झाला. ट्रंकेतून पुस्तक काढून पाहिलं. त्यात सगळं होतं, यावर एक ओळ नव्हती. संध्याकाळी मलमलीत गुंडाळून चाचांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने चाचपलं, नाकाजवळ नेलं, ओठाला लावलं. "सोनं छान निघालं," म्हणाले. "मलमलीनं पुसली?" आणि मी म्हणालो, "हो." एकच अक्षर. अडलो नाही.

निकाहापर्यंतचे ते दिवस मी चाचांच्या ओट्याकडे पाठ करून काढले. समारंभाच्या दिवशी मी मागे, माडाला टेकून उभा होतो. अंगठी झुलेखाच्या बोटात होती, पण ओढणीखाली. ते मुरुडचे चुलते तिच्या हातावर वाकलेले मला दिसले, आणि मी वाळूकडे बघितलं. कोणी उणं बोललेलं माझ्या कानावर आलं नाही. पण न बोलणं म्हणजे सभ्यपणाही असतो... पुढच्या आगबोटीने मी मुंबई गाठली. नंतर कोणीतरी सहज सांगितलं की झुलेखा ती अंगठी फारशी घालत नाही, डबीतच ठेवते. का, ते मला ठाऊक होतं. सासरच्यांनी टोमणे मारले असणार. आईबापाविना पोरीच्या बाजूने बोलणारा एकच दगड होता आणि त्याची जीभ मी कापली होती.

त्यानंतरची आठ वर्षं मी सुटीत गावी यायचो, ओट्यावर बसायचो, चाचांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. वर्गात तासभर बोलणारा माणूस मी. पण "चाचा, ती अंगठी..." एवढं म्हटलं की पुढचं वाक्य घशात बसायचं. तेच जुनं अडणं, दहाव्या वर्षीचं, फक्त त्या एका वाक्यापुरतं परत आलं होतं. चाचा थांबायचे. नेहमीसारखे. मग मी म्हणायचो, "काही नाही, बोटीला उशीर होईल," आणि उठायचो. तो दगड खोटं बोलल्याने फिका पडला, हा विचार शास्त्र शिकलेल्या माणसाला शोभत नाही. पण रात्री अंथरुणात शास्त्र जवळ नसतं.

गेल्या दिवाळीला गेलो तेव्हा चाचा भिंतीला टेकून बसलेले. दोन वाक्यांत एकदा श्वास घ्यायला थांबत होते. मला कळलं की पुढची सुटी मिळणार नाही. झुलेखा सेवेला माहेरी आली होती, आत तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी म्हणालो, "चाचा, ती अंगठी..." आणि अडलो. ते थांबले. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो, आणि मग मला तो टोप दिसला, चूल दिसली, वर तरंगणारे रिठे दिसले. दिसलं तसं सांगत गेलो. सोड्यासकट सांगितलं. "मलमलीने पुसली नाही चाचा, उकळली. तुमच्या बीवीची चीज मी मारली, आणि तुमच्या तोंडावर खोटं बोललो."

चाचा हसायला लागले. इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि झुलेखा पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. "झुले," ते तिला म्हणाले, "बोलला. रिठा बोलला." ती माझ्याकडे बघून तोंडावर पिठाचा हात धरून हसू लागली. मला काही समजेना. मग समजलं की गेली आठ वर्षं त्या घरात माझं नाव रिठा होतं. रिठ्याचं पत्र आलं, रिठा सुटीला येणार, रिठ्याला माशाचं कालवण ठेव. "अरे, नाकाजवळ नेली तेव्हाच कळलं," चाचा म्हणाले. "मलमलीनं सोनं असं चमकतं होय? अन रिठ्याचा वास लपतो?"

मग श्वास घेत घेत त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्या पुस्तकात नव्हतं. पाचू तेल पितो. खाणीतून निघतो तो चिरांनीच भरलेला असतो. त्याला तेलात ठेवतात, तेल चिरांत शिरतं आणि चिरा दिसेनाशा होतात, वाडी हिरवी होते. वर्षांनी तेल सुकतं, मळतं. तेव्हा जुनं काढायचं आणि नवं पाजायचं. "पेढीवर वीस वर्षं माझं काम काय होतं? पुड्या बांधणं? ते तर कोण पण करील. मी दगडांना तेल पाजायचो. या पाचूला पण पाजायचंच होतं, पण आधी जुनं तेल काढावं लागतं, अन त्याला डोळे पाहिजेत. ते काम तू केलंस. जरा जास्तच केलंस. फुटला असता तर मी तुला फोडला असता. पण फुटला न्हाय." त्याच संध्याकाळी त्यांनी अंगठी अत्तराच्या रुंद तोंडाच्या रिकाम्या कुपीत घातली, वर तेल ओतलं आणि कुपी खिडकीत उन्हाला ठेवली. सहा दिवस. रोज सकाळी झुलेखा भिंग लावून सांगायची, नाना, आज विहीर दिसायला लागली. आज पायवाट. निकाहाच्या सकाळी काढली तेव्हा वाडी होती तशी उभी होती. मुरुडच्या चुलत्यांनी वाकून पाहिली आणि म्हणाले, माशाल्ला.

"मग तू घालत का नाहीस?" मी झुलेखाला विचारलं. तिने पिठाचे हात पुढे केले. "भाकरीला कढत पाणी लागतं, गणूभाई. मासळी धुवायला राख लागते. नानांनी सांगितलंय, कढत पाण्यात हात घालायचा असंल तर अंगठी डबीत. आमचा हात कढत पाण्यातनं भायेर कधी येतो? ईदेला घालते." मी चाचांना म्हणालो, मग मला का नाही सांगितलंत, आठ वर्षं... त्यांनी पाठीमागची उशी सरळ केली. "मी तुझा शब्द कधी पुरा केलाय का रे?" म्हणाले. "ती अंगठी गळ्यात घालून बोलायला शिकलास. मी म्हटलं, हे पण बोलेल. वाट बघत होतो. जरा जास्त वेळ लावलास, माझा दम संपत आला." आणि मी बालिशपणे विचारलंच, की खोटं बोलल्यावर पाचू फिका पडतो हे तरी... त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझी पदवी ओट्यावरून खाली पडली. "बीयेशी, फिका पडला दुपारी. खोटं बोललास संध्याकाळी. हिशेब लाव की."

ती आमची शेवटची भेट. निघताना ते दाराशी येऊ शकले नाहीत, नुसता हात वर केला. पौषात ते गेले.

चाचांच्या चाळिसाव्या दिवसाला मी रजा काढून गावी गेलो. फातिहा झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. ओटा तसाच होता. बसून बसून भिंतीवर त्यांच्या पाठीचा तेलकट डाग पडलेला आहे, तो झुलेखाने पुसू दिलेला नाही. तिने आतून तबक आणून माझ्यापुढे ठेवलं. त्यात अंगठी, भिंग, मलमल आणि ती कुपी. "दर हिवाळ्यात नाना तेल पाजायचे," ती म्हणाली. "यंदा राहिलं. सुकत चाललाय बघा. गणूला दे म्हणून सांगून ठेवलंय त्यांनी. अन म्हणाले, आधी घरातले रिठे लपव."  कोमट पाणी घेतलं, कोपराने तपासलं, लहान मुलाला आंघोळ घालताना आई तपासते तसं. मलमलीने पुसलं. नुसतं मलमलीने. अंगठी कुपीत सोडली, तेल ओतलं, कुपी खिडकीत ठेवली आणि शाळेला तार केली की सहा दिवस येत नाही.

सातव्या सकाळी ऊन खिडकीच्या चौकटीवर आलं तेव्हा मी अंगठी काढली, पुसली आणि चाचांच्या जागी, त्या डागाला पाठ लावून बसलो. भिंग डोळ्याला लावलं. आत झुलेखा भाकरी भाजत होती. तव्याचा आवाज थांबला.

"काय दिसतं?" तिने आतून विचारलं.

"विहीर दिसते," मी म्हणालो. "पायवाट आहे. पलीकडे पोफळी आहेत. आणि पोफळींना सु..."

अडलो. इतक्या वर्षांनी, त्याच अक्षरावर. झुलेखाने शब्द पुरा केला नाही. दारात येऊन उभी राहिली, आणि थांबली. मी घाई केली नाही. पाचूत नीट पाहिलं. शेंड्याशी, जिथे हिरवा रंग सगळ्यात दाट होता तिथे, घोसच्या घोस लागले होते.

"सुपारी," मी म्हणालो. "सुपारी धरलीय."